पिवळी पाटी

धाकटा : ही तिसरी काच. चौथी फोडायच्या आधी पुन्हा एकदा विचारतो, म्हाताऱ्या. झाड कोणतं होतं?

माळी : फोड की. पुढच्या महिन्यात हे काचघर पाडायचंच आहे. नवं दुप्पट मोठं होणार आहे म्हणे. तुझ्या फावड्याने तेवढंच काम हलकं होईल.

धाकटा : थट्टा सुचतेय तुला? माझा सख्खा भाऊ दवाखान्यात दोन्ही डोळे धरून गुरासारखा ओरडतोय. तुझा जावई आहे तो, जावई! लेकीचा नवरा!

माळी : ठाऊक आहे मला कोण आहे तो. फावडं खाली ठेव. काचा रोपांवर पडताहेत.

धाकटा : रोपांवर! रोपांची काळजी! ही घे तुझी रोपं. ही घे. आणि ही पण घे.

माळी : अरे ती कुंडी नको! बारा वर्षांनी एक बी रुजलंय त्याचं!

धाकटा : रुजलं होतं. आता बोल. डॉक्टर काय म्हणाले ऐक. डोळे पाण्याने धुऊन धुऊन झाले, आग थांबत नाही. चीक कोणत्या झाडाचा ते कळल्याशिवाय पुढचं औषध ठरत नाही. तासाभरात कळलं तर एखादा डोळा तरी हाती लागेल, म्हणाले. त्यातला अर्धा तास गेला.

माळी : पूर्वेच्या वाफ्यात एकेचाळीस झाडं होती. सगळीच तोडायची होती. त्याने सकाळी कुठल्या झाडाला कापायचं मशीन लावलं, मी काय पाठीमागे उभा होतो?

धाकटा : कोपऱ्यातलं, पाण्याच्या टाकीजवळचं. गुळगुळीत, पांढरट बुंध्याचं. मी शिडी धरून होतो, मला विचार! मशीन आत गेलं आणि दुधासारखी धार उडाली सरळ तोंडावर. टोपीला पुढे जाळी होती. जाळीने भुसा अडतो, दूध अडतं का? आणि झाडाला पाटी नाही. एकाही झाडाला नाही! एरवी झुडपालासुद्धा नाव-नंबर लिहिलेली पत्र्याची पाटी लावता, आणि नेमक्या त्याच वाफ्यातल्या गायब?

माळी : गायब कशाला होतील? मी काढल्या. काल संध्याकाळी. त्या बघ, तुझ्या मागच्या भिंतीवर आहेत.

धाकटा : या? या सगळ्या?

माळी : इथली रीत आहे ती. झाड पडायच्या आदल्या दिवशी त्याची पाटी उतरवायची आणि या भिंतीवर खिळ्याला अडकवायची. नावानिशी झाड तोडू नये. माझ्या आधीच्या माळ्याने मला शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्याने.

धाकटा : मग सांग, यातली कोणती?

माळी : आता कसं सांगू? उतरवल्या की सगळ्या सारख्याच. नोंदवह्या बघाव्यात तर कार्यालयच पाडलंय. खोकी कुठे गेली देवाला माहीत.

धाकटा : खोटं. चौतीस वर्षं इथे आहेस. रात्री झोपेत उठवलं तरी वास घेऊन झाड ओळखशील, असं दादाच कौतुकाने सांगतो सगळ्यांना. आणि आता म्हणे, सगळ्या सारख्याच!

माळी : वय झालं. विसरतो.

धाकटा : विसरतोस? मग ही घे आठवणीची गोळी, तोंडावर! आणि ही लाथ पोटात!

माळी : आई गं...

धाकटा : ऊठ. उठतोस की अजून एक घालू? पोटाला काय बांधलंयस? माझीच नडगी शेकली.

माळी : पट्टा आहे. कमरेचा. डॉक्टरांनी दिलेला.

धाकटा : ऊठ म्हणतो ना! हा पितळेचा बिल्ला गळ्यात अडकवून मिरवतोस, 'मुख्य माळी'. ह्याच दोरीने आवळू का?

माळी : सोड... श्वास...

धाकटा : नाही, एवढ्या लवकर नाही. ही तुझी छाटणीची कात्री ना? रोज धार लावतोस म्हणे. हात आण इकडे. आण! करंगळीपासून सुरू करू. दादाचे डोळे गेले तर रोज एक बोट. दहा दिवस पुरतील.

माळी : काप. माझी बोटं गेली म्हणून त्याचे डोळे येणार आहेत का?

धाकटा : नाही येणार. पण मला झोप येईल. बोल, कोणती पाटी?

माळी : नाही आठवत.

धाकटा : बघ हं, कात्री मिटतेय. बघ, रक्त आलं. हाड लागेपर्यंत थांबणार नाही मी.

मुलगी : भाऊजी!

धाकटा : वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका.

मुलगी : आधी कात्री खाली करा. खाली करा म्हणते ना! वेड लागलंय का तुम्हाला? बाबा, हात दाखवा. देवा... तोंड कसलं सुजलंय हे! ओठ फाटलाय. तुम्ही मारलंत यांना? सत्तरीच्या माणसाला?

धाकटा : मारलं. आणि झाडाचं नाव सांगेपर्यंत मारणार आहे.

मुलगी : त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी लपवलं असतं का? मी डॉक्टरांना सांगून आलेय, बाबांना विचारते आणि पाच मिनिटांत कळवते. बाबा, टाकीजवळचं झाड. पटकन सांगा. मी नकाशा बघितला, पण नकाशावर आमचे नुसते आकडे आहेत, एक ते एकेचाळीस. तुमचे नंबर वेगळे.

माळी : तुझ्याच नकाशात आहे ना ते? फुली तूच मारलीस ना त्याच्यावर? मग तुला ठाऊक हवं.

मुलगी : बाबा, ही वेळ आहे का हे बोलायची?

माळी : मग कोणती वेळ? या बागेत रांगलीस तू. त्याच झाडांच्या सावलीत तुझी आई तुला निजवायची. शिकलीस, इंजिनीअर झालीस, आणि परत आलीस ती लाल पेन घेऊन. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते खोटं नाही.

मुलगी : चाकाच्या खुर्चीतली माणसं त्या पायऱ्यांवरून परत जातात, ते चौतीस वर्षं तुम्ही बघितलंत. शाळेच्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण संडासाला दार नाही. ते सगळं नीट करायचं तर जागा लागते. तीन महिने बसून मी एकशे दहावरून एकेचाळिसावर आणली यादी. तुमच्यासमोर बसून. प्रत्येक फुलीला तुम्ही मान हलवलीत!

माळी : मान हलवली. मन नाही हलवलं.

धाकटा : वहिनी, हे नाटक पुरे करा. एक गोष्ट विचारतो, तिचं उत्तर तुम्ही द्या. सकाळी दादा किंचाळला तेव्हा हे कुठे होते?

मुलगी : तिकडे, पडवीत. चहा पीत होते. तेच पहिले धावत गेले. बादलीभर पाणी त्यांनीच ओतलं. तुमच्या दादानेच मला स्वतः सांगितलं.

धाकटा : बरोबर. पडवी तिथून पन्नास-साठ पावलांवर आहे. दादा नुसता 'आई गं' म्हणून ओरडला. मी शिडीखाली होतो. मला वाटलं, मशीन निसटून हात गेला. मी हाताकडे बघत होतो! आणि हे तिकडून पळत येतानाच ओरडत होते, 'डोळे चोळू नको! चोळू नको!' डोळ्यांत काही गेलंय हे मला शिडीखाली कळलं नाही, ते ह्यांना तिकडे पडवीत कसं कळलं?

मुलगी : बाबांना झाडं कळतात. एवढ्या वर्षांचा अनुभव...

धाकटा : अनुभव? मग आता तोच अनुभव कुठे गेला? झाडाचं नाव माहीत नाही, पण झाडाचं दूध डोळ्यांत गेलं की काय करायचं ते माहीत! चोराच्या मनात चांदणं, वहिनी.

मुलगी : बाबा, तुम्ही काहीतरी बोला. त्यांना सांगा, तुम्हाला कसं कळलं ते.

माळी : तुझा वेळ जातोय. दवाखान्यात जा. त्याच्याजवळ बस.

मुलगी : थांबा. भाऊजी, जरा बाजूला व्हा. मला ही भिंत बघू द्या. किती पाट्या आहेत?

धाकटा : एकेचाळीस असतील.

मुलगी : असतील नको. मोजते. ...अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. चाळीसच आहेत. या ओळीत मध्येच एक खिळा रिकामा आहे.

धाकटा : म्हणजे?

मुलगी : आणि खिळ्याखाली ताजा ओरखडा आहे. पाटी लावली होती, मग घाईने ओढून काढली. बाबा, तुम्ही शिकवलं होतंत मला. सगळ्या पाट्या पांढऱ्या, विषारी झाडांच्या पिवळ्या. मी पाच वर्षांची असेन. पिवळी पाटी दिसली की हात मागे बांधायचे आणि तीन पावलं मागे सरायचं. आपला खेळच होता तो. या भिंतीवर सगळ्या पांढऱ्या आहेत.

धाकटा : पिवळी! दादाने कधीतरी जेवताना सांगितलं होतं मला ते. वहिनी, मघाशी मी लाथ घातली ना यांच्या पोटात, तेव्हा खणकन वाजलं होतं. म्हणाले कमरेचा पट्टा आहे.

मुलगी : बाबांना कमरेचा पट्टा नाही. कधीच नव्हता. बाबा, सदरा वर करा.

माळी : पोरी, ऐक तरी...

मुलगी : वर करा सदरा!

धाकटा : थांबा, मी करतो. सोड, हात काढ! सोड म्हणतो ना! ...ही बघा. ही बघा, वहिनी. पिवळी. पोटाशी धरून बसला होता म्हातारा.

मुलगी : द्या इकडे. कुणी बोलू नका आता, फोन लावते. ...हॅलो, डॉक्टर? हो, मीच. सापडलं. नाव लॅटिनमध्ये आहे, मी पाटीचा फोटो पाठवलाय, बघा आला का. आला? हो. खाली मराठीत लिहिलंय, 'चीक विषारी, डोळ्यांस घातक.' नाही, चोळले नाहीत, लगेच पाणी ओतलं होतं. हो. ...किती? एक? दुसऱ्याचं? ...बरं. जे करायचं ते करा, मी सही करते आल्यावर. त्याच्याकडे देता का फोन? ...हो, बोल. मी बागेत आहे. आहेत, इथेच आहेत. ...बरं. सांगते. पडून राहा तू. येतेच.

धाकटा : काय म्हणाले?

मुलगी : उजवा बहुतेक वाचेल. डाव्याचं आता काही खरं नाही. अर्धा तास आधी कळलं असतं तर दोन्ही बघता आले असते, म्हणाले.

धाकटा : ऐकलंस? ऐकलंस का रे भडव्या? कात्री कुठेय? आज मी याला...

मुलगी : भाऊजी, हात लावायचा नाही. बाबा, आता सांगा. सगळं. आणि माझ्याकडे बघून सांगा.

माळी : तो दुसरा होता, पोरी. माझ्या मनात तो दुसरा होता. ठेकेदाराचा तो दांडगा मशीनवाला. परवा त्याने एकसष्ट नंबरचं झाड पाडलं. तुझ्या यादीत नव्हतं ते. ट्रक वळायला अडत होतं म्हणून पाडलं! मी हात जोडले, आडवा झालो. त्याने माझी मानगूट धरून वाफ्यात तोंड दाबलं. म्हणाला, तुलाही इथेच पुरतो, चांगलं खत होईल. सगळे हसले.

मुलगी : मला का नाही सांगितलंत?

माळी : काय सांगणार? माती खाल्ली म्हणून? काल पाट्या उतरवताना ही पिवळी हातात आली. पिवळी शेवटपर्यंत ठेवायची असते, तोडणाऱ्याला आधी बजावून मग काढायची. तीही रीतच आहे. मी झाडाखाली उभा राहिलो बराच वेळ. मग काढली. म्हटलं, उद्या तो मशीन लावील. उडू दे थोडा चीक. थोडी आग होऊ दे. दोन दिवस काम थांबेल, ठेकेदार त्याला हाकलेल, सुंठीवाचून खोकला जाईल.

धाकटा : तो आज आलाच नाही. दारू पिऊन पडलाय. म्हणून ठेकेदाराने पहाटे आम्हाला बोलावलं. दादा तर खूश होता. म्हणाला, सासऱ्यांच्या बागेत काम आहे, नीट करू, एक फांदी जास्त पाडायची नाही.

माळी : मला नाही कळलं तो आहे ते! टोपी होती, जाळी होती, पाठमोरा होता. मी पडवीतून बघत होतो. मशीन सुरू झालं, मी कप खाली ठेवला, आणि वाट बघत बसलो. आता ओरडेल, आता ओरडेल. आणि ओरडला तर आवाज आपल्या घरचा.

मुलगी : म्हणजे तुम्ही बघत बसला होतात.

माळी : आपलेच दात, आपलेच ओठ झाले, बाळा.

मुलगी : ते मी एक वेळ समजून घेईन, बाबा. खरंच घेईन. त्या माणसाने तुमचं तोंड मातीत दाबलं, तुमचं डोकं फिरलं. पाटी काढलीत ती त्याच्यासाठी. पण त्यानंतरचं काय? तुमचा जावई आहे हे कळल्यावर, त्याच्यावर पाणी ओतल्यावर, त्याला गाडीत घातल्यावर, तुम्ही इथे परत आलात. खिळ्यावरची पाटी ओढून काढलीत आणि पोटाशी लपवलीत. भाऊजींनी काचा फोडल्या, लाथा घातल्या, बोट कापायला घेतलं, तरी तोंड उघडलं नाहीत. मी आले, मी विचारलं, तरी नाही. हा अर्धा तास कुणासाठी होता?

माळी : मला वाटलं, धुतलं की जाईल. माझ्या मनगटावर दोनदा चीक उडाला होता, आठवड्यात बरं झालं.

मुलगी : कुणासाठी होता, विचारतेय.

माळी : ...माझ्यासाठी. तू माझ्याकडे अशी बघशील, म्हणून. आत्ता बघतेयस तशी.

मुलगी : भाऊजी, ती कात्री द्या.

धाकटा : वहिनी?

मुलगी : द्या म्हणते ना. आणि यांना मागून धरा.

धाकटा : वहिनी, जाऊ द्या. मी रागात होतो, मी काही खरंच कापणार नव्हतो. पोलिसांना बोलावू आपण. वहिनी! तुमच्या बापाच्या गळ्याशी आहे कात्री!

मुलगी : दिसतंय मला. मान वर करा, बाबा. अजून वर. हलू नका, लागेल.

माळी : कर पोरी. तुझ्या हातून होऊ दे. धार चांगली आहे, त्रास नाही व्हायचा.

(कात्री मिटल्याचा आवाज. फरशीवर पितळ पडतं.)

धाकटा : दोरी कापलीत? नुसती दोरी? माझा जीव गेला असता, वहिनी.

मुलगी : तो बिल्ला उचलून द्या मला. वाचा काय लिहिलंय.

धाकटा : 'मुख्य माळी.' आणि खाली नंबर.

मुलगी : हा रिकामा खिळा आहे ना, एकेचाळिसावा. इथे अडकवते. रीत आहे ना, बाबा? आदल्या दिवशी उतरवायचं आणि भिंतीला लावायचं. ठेकेदाराला, पोलिसांना, साहेबांना, सगळ्यांना मी सांगणार आहे. तुमचं तुमच्या तोंडाने सांगायचं असेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगा. उद्या इथे यायचं नाही.

माळी : नाही येणार. खिळा जरा आत ठोक. पितळ जड असतं, पडेल.

धाकटा : चला वहिनी. गाडी बाहेर आहे. याच्याकडे बघू नका आता.

माळी : पोरी, एवढंच सांगून जा. तो काही बोलला का? मघाशी, फोनवर. माझ्याबद्दल?

मुलगी : बोलला.

माळी : काय?

मुलगी : विचारत होता, पाणी ओतताना बाबांच्या हाताला तर नाही ना लागला चीक.